गप्प बसलं की जहाज बुडालं

३ मार्च, सोमवार

खारू,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, आणि तुझ्या ऑफिसात फोन केला तर तिथली बाई "त्या मीटिंगमध्ये आहेत" असं इतक्या गोडीने सांगते की तिच्यावर धड रागावताही येत नाही. सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, मग तुम्ही लोक कामं कधी करता गं? असो. पत्राला ती बाई अडवू शकत नाही. आज नाही तर उद्या उघडशीलच.

तुझा बाबा पडला. फार काही नाही. सकाळी माझ्या पलंगावरची चादर बदलत होता, तसाच गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. उजवा हात जरा जड झालाय. दवाखान्यात आहे, लोक चांगले आहेत. घाबरू नकोस.

हो, माझ्याकडेच राहत होता. तुला कळवलं नव्हतं, कळवून तू काय केलं असतंस? जहाजावरची नोकरी कायमची सोडून गेल्या वर्षी आला आणि दारात बॅग घेऊन उभा राहिला. भाऊ आहे, दार काय तोंडावर लावू? दिवसभर मी मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करायचे आणि हा माझ्या दोन खोल्यांत जहाजावरच्या खोल्यांसारखी साफसफाई करायचा. चादरीचे कोपरे तर असे घट्ट दुमडायचा की पाय आत घालायला मला झटापट करावी लागायची. रोज ओरडायचे त्याच्यावर. गेले काही दिवस चादर मीच घालते, आणि ती ढिली बसते.

जमलं तर दवाखान्यात एक फोन कर. नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. त्याने काही बोललंच पाहिजे असं नाही. तू बोल. एखादं गिऱ्हाईक आलं की माझा धागा तुटतो, तसं झालंय आत्ता, म्हणून थांबते.

आत्या

१७ मार्च, सोमवार

खारू,

मागच्या पत्रात मी तुला गुंडाळलं. "हात जरा जड झालाय" म्हणे! त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवी बाजू गेलीय आणि त्याची वाचा गेलीय. आता खरं लिहिते.

आपल्या भाषेतला एक शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. मला "ताई" म्हणत नाही. स्वतःचं नाव सांगत नाही. पाणी हवं असलं तर ग्लासाकडे बघतो. निघतं ते इंग्रजी, आणि तेही तुटकं. "मेक," असं म्हणतो आणि थांबतो. "टेक." थांबतो. "हॅव." मग माझ्याकडे बघत बसतो, मी काहीतरी द्यायचं राहून गेलंय अशा नजरेने.

मला इंग्रजी किती येतं हे तुला ठाऊकच आहे. झिप, बटन, कॉलर, हेम. संपलं. मग एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं जुनं शाळेचं पुस्तक मागून आणलं. त्यात एक पान आहे, सोप्या इंग्रजी जोड्यांचं. कुठल्या क्रियेला कुठला शब्द लागतो ते पोरांनी पाठ करायचं. मेक टी. टेक मेडिसिन. हॅव बाथ. मला वाटलं, सापडलं! बिचारा हुकूम सोडतोय आणि आम्ही ठोंब्यासारखे उभे आहोत.

तर मी काय केलं असेन? तो "मेक" म्हणाला की धावत जाऊन चहा आणला. "टेक" म्हणाला की सिस्टरच्या मागे लागून गोळीची वेळ विचारली. "हॅव" म्हणाला म्हणून त्या बापड्या सिस्टरने त्याला एकाच सकाळी परत परत आंघोळ घातली. तो डाव्या हाताने ढकलत होता आणि मी वर सांगत होते, "अहो, त्यालाच हवीय, तोच म्हणाला!" शेवटी त्याने चहाचा कप भिरकावला. भिंतीवर अजून डाग आहे. आणि मग रडला. तुझा बाबा कधी रडलेला पाहिलायस तू? मी नव्हता पाहिला. माझ्याहून धाकटा, पण लहानपणीसुद्धा मार खाऊन दात काढायचा.

इथे एक मुलगी आहे, बोलायला शिकवणारी, थेरपीवाली. तुझ्याच वयाची असेल. ती म्हणते पहिले काही महिनेच महत्त्वाचे. एप्रिलच्या सतरा तारखेला मोठे डॉक्टर तपासणी घेणार आहेत. चित्रं दाखवतात, प्रश्न विचारतात. उत्तर म्हणून त्याने काहीतरी बोलायला हवं. नाही बोलला तर त्याची थेरपी बंद, आणि त्याला मागच्या इमारतीत हलवणार. घरी आणायचं म्हटलं तर तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि माझी कंबर कशी आहे ती तुला माहीत आहे. थेरपीवाली घरी येत नाही.

मागच्या इमारतीबद्दल मी अजून विचारलेलं नाही. विचारायला धीर होत नाही.

आत्या

२९ मार्च, शनिवार

खारू, अगं खारू,

आज मी स्वतःला किती शिव्या घातल्या म्हणून सांगू!

त्याच्या शेजारच्या खाटेवर एक रिटायर्ड बस कंडक्टर आहेत. मांडीचं हाड मोडलंय, पण तोंड ठणठणीत. सगळ्या वॉर्डाची फिरकी घेतात. आज तुझा बाबा नेहमीसारखा म्हणाला, "टेक." मी पुस्तकात डोकं घालून बसले होते. हे कंडक्टर पडल्या पडल्या ओरडले, "टेक तिकीट!"

आणि तो हसला. अर्धंच तोंड हसलं, पण हसला! मग डावा हात गादीवर आपटला आणि लगेच म्हणाला, "मेक." कंडक्टर म्हणाले, "मेक जागा! पुढे चला, पुढे चला!" सगळा वॉर्ड हसतोय, आणि मी तिथे पुतळ्यासारखी. कारण मला तो आवाज आठवला. त्या सुरातला "मेक". वर चढवून अर्धवट सोडलेला.

तो हुकूम सोडत नव्हता गं. तो खेळत होता. तुमचा खेळ!

तो सुट्टीवर घरी आला की तुम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहून चादर घालायचात. तू चिमुरडी, अंगापेक्षा चादर मोठी. तो एक शब्द फेकायचा, तू जोडीचा शब्द परत फेकायचीस. मेक, बेड. टेक, ऑर्डर. क्लीन, रूम. कोपरा दुमडेपर्यंत उत्तर आलं पाहिजे. मग तू शब्द द्यायचीस आणि त्याने उत्तर द्यायचं. तुझी आई दारात उभी राहून हसायची. मी मशीनवर असायचे आणि त्या खडखडाटात मला तुमचं ते इंग्रजी नुसतं कटकट वाटायचं. "जरा आपल्या भाषेत खेळा की," म्हणायचे. शब्द माझ्या कानावर पडले, पण आत एक गेला नाही. आता रोज वाटतं, चार उत्तरं पाठ केली असती तर माझं काय बिघडलं असतं?

नियम मात्र मला आठवतात, कारण त्यावरून तुम्ही भांडायचात. तो जहाजावरचे अवघड शब्द टाकून तुला हरवायचा, म्हणून तूच नियम केलास. उत्तर येत नसेल तर तोच शब्द परत द्यायचा. शब्द परत आला की ज्याने दिला होता त्याने उत्तर सांगायचं. पण गप्प बसायचं नाही. गप्प बसलं की जहाज बुडालं, खेळ संपला.

थेरपीवालीला हे सगळं सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, असे वर्षानुवर्षं जोडीने म्हटलेले शब्द कधीकधी शाबूत राहतात. एक ओढला की दुसरा मागून येतो. पण तो फक्त पहिला शब्द देतोय. तपासणीत त्याला उत्तर द्यावं लागेल. म्हणजे पहिला शब्द दुसऱ्या कुणीतरी द्यायला हवा.

मी देऊन पाहिला. अगदी तुझ्यासारखा आवाज काढून "मेक" म्हटलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्याच्या ताटातलं उचललं. थेरपीवालीने दिला तर डोळे मिटून घेतले. कंडक्टरांवर हसतो, पण त्यांना उत्तर देत नाही. त्याला समोर तूच हवी आहेस. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, जी रोज त्याचं तोंड पुसते तिचा आवाज चालत नाही आणि जी फोन उचलत नाही तिचा चालतो. पण आहे ते असं आहे.

ये. चार दिवस ये. नसेल जमत तर फोनवर बोल. तेही नसेल जमत तर नुसते शब्द बोलून पाठव, आवाज भरून. उत्तरं नकोत, फक्त पहिले शब्द. ती मुलगी म्हणाली तपासणीत फोन लावायची परवानगी ती मिळवेल.

आत्या

८ एप्रिल, मंगळवार

खारू,

दहा दिवस झाले. दवाखान्यातला फोन वाजला की मी धावत जाते, आणि निघतो तो कंडक्टरांच्या सुनेचा, डबा आणू का म्हणून.

परवा मी मागची इमारत बघून आले. धोबीखान्याच्या पलीकडे आहे. वाईट नाही. फरशी स्वच्छ, चादरी पांढऱ्या, माणसांना वेळेवर भरवतात, कूस बदलतात. टीव्ही चालू होता, त्याचा आवाज बंद. एवढी माणसं त्या खोलीत, आणि कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. एक म्हातारी बाई माझ्या ओढणीचा शिवलेला काठ बोटांनी चाचपत राहिली. मी तशीच उभी राहिले, मग तिथल्या सिस्टरने हळूच तिचा हात सोडवला. सगळे गप्प गं, खारू. त्याला तिथे टाकला तर तो महिन्याभरात त्यांच्यासारखा होईल, आणि मग त्याला कोणी हाक मारली काय नि न मारली काय.

तू का येत नाहीस ते मला कळतं. मला वेड पांघरून पेडगावला जायचं नाही. मी त्याची वकिली करत नाही.

तुझी आई गेली त्याला महिनाही झाला नव्हता आणि त्याने बॅग भरली. तुझी शाळेची वेळ होती. तू गणवेशात दाराशी उभी होतीस, वाट अडवून. तू म्हणालीस, "कम." मला वाटलं, "चला" म्हणतेयस. मग तू थांबलीस, कोपरा दुमडायची वाट बघावी तशी. तो खाली बघत होता. बुटाची नाडी सुटली नव्हती, तरी वाकून बांधली. बॅग उचलली आणि तुझ्या बाजूने अंग चोरून निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजत होती तेव्हा तू मला म्हणालीस, "आत्या, उत्तर होम होतं. कम होम. घरी ये. त्याला येत होतं. द्यायचं नव्हतं तर शब्द परत द्यायचा होता." मग म्हणालीस, "जहाज बुडालं," आणि दप्तर घेऊन शाळेत गेलीस.

त्यानंतर तो घरी यायचा तेव्हा तू त्याच्यासमोर चादरीला हात लावला नाहीस. मी बघत होते. त्याला मी पुष्कळ सुनावलं, त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. त्याला काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. कदाचित तुझी आई नसलेल्या घरात त्याला श्वास घेता येत नसेल. कदाचित तो नुसता भित्रा असेल. मलाही त्याचा राग आहे. रोज त्याला भरवते आणि रोज मनातल्या मनात भांडते. पण भांडायला समोरचा बोलता असावा लागतो गं. तुझं भांडण खरं आहे, तर ते करायला तरी ये. माणूस भिंत झाल्यावर कुणाशी भांडशील?

मागच्या पत्रात मी टोमणा मारला, तो फाडून टाक. काय हवं ते बोल मला. तुला वाढवताना मी कडक वागले असेन, तेही मोज. मी कधी कुणाच्या नाकदुऱ्या काढल्या नाहीत, पण तुझ्या पाया पडते. मोठ्या माणसाने असं म्हणू नये, माहीत आहे. पडते. सतरा तारीख आठवड्यावर आली. तो सकाळी उठला की "मेक" म्हणतो आणि दाराकडे बघतो, दुपारी "टेक" म्हणतो आणि दाराकडे बघतो, आणि दोन दिवसांपासून त्याचा आवाज खाली यायला लागलाय. काल दिवसभरात एकदाच म्हणाला.

हे पत्र कुरियरने पाठवतेय. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे निदान तुझ्या हातात पडलं हे मला कळेल.

आत्या

२० एप्रिल, रविवार

खारू,

मंगळवारी अनोळखी नंबरवरून तुझा भरलेला आवाज आला. ना "आत्या", ना "कशी आहेस", नुसते शब्द. मी ओट्याशी उभी राहून ऐकलं आणि भांडी तशीच टाकून रडले. मग जरा राग आला, मग परत ऐकलं. स्टेशनवर गाड्या पुकारतात तशा कोरड्या आवाजात तू बोलली आहेस. पण प्रत्येक शब्दापुढे जागा सोडली आहेस, त्याला विचार करता येईल एवढी. मध्येच कुणीतरी तुला विचारतं, "कोणाशी बोलतेयस?" आणि तू म्हणतेस, "कोणाशी नाही." तेही त्यात आलंय. राहू दे. आम्ही ते पुसलं नाही.

त्या नंबरवर फोन केला तर वाजून वाजून बंद झाला. म्हणून परत पत्रच.

बुधवारी त्याला ऐकवलं. तुझ्या पहिल्या शब्दाला तो दाराकडे वळला. मग उशीखाली हात घालून शोधायला लागला. मी फोन त्याच्या छातीवर ठेवला, तेव्हा कळलं त्याला. त्या दिवशी उत्तर एकही दिलं नाही. आवाज थांबला तिथे मी बंद केलं, आणि तो फोन दाबून धरून झोपला. मी घरी जाऊन जेवले नाही.

सतराला त्या खोलीत मोठे डॉक्टर, आमची थेरपीवाली, आणखी एक लिहून घेणारी बाई आणि मी. कंडक्टर कुबड्या घेऊन दाराबाहेर उभे. आधी चित्रं दाखवली. किल्ली, चमचा, कंगवा. तो गप्प. मोठे डॉक्टर माणूस बरे आहेत, घाई करत नव्हते, पण त्यांनी लिहिणाऱ्या बाईकडे एकदा बघितलं. थेरपीवालीने विचारून माझ्या फोनवर तुझा आवाज लावला.

तू म्हणालीस, "मेक."

तो फोनकडे बघत राहिला. डाव्या हाताने मांडीवरची चादर ओढली, तिची घडी घातली, कोपरा दुमडला. आणि म्हणाला, "बेड."

त्या मुलीने माझा हात एवढा घट्ट धरला की अंगठी रुतली. "टेक." जरा वेळाने, "ऑर्डर." "क्लीन." "रूम." "वॉश" ला अडखळला, ओठ हलले, मग "हँड्स". "हॅव" ला तर त्याने मान किंचित लववली, जहाजावर पाहुण्यांना लववायचा तशी, आणि अख्खं म्हणाला, "नाइस डे." बाहेरून कंडक्टरांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी त्यांना दटावलं.

मला वाटलं, संपलं. आवाज थांबला होता. ऐकताना मी दरवेळी तिथेच बंद करायचे. मोठे डॉक्टर फोनकडे हात नेत होते, तेवढ्यात तू परत बोललीस. तो कोरडा आवाज नव्हता. तो दप्तर घेतलेल्या मुलीचा आवाज होता.

"कम."

खारू, तू ते का घातलंस? परीक्षा घ्यायला की अजून वाट बघतेयस म्हणून? तुलाही ठाऊक नसेल कदाचित. त्याचं तोंड मिटलं. नजर खाली गेली, थेट त्या दिवसासारखी. बुटाकडे. पायांत बूट नव्हते, पायमोजे होते. मी मनात म्हणत होते, बोल मेल्या, काहीही बोल, पण गप्प बसू नकोस. थेरपीवाली रडत होती. लिहिणाऱ्या बाईने पेन टेकवलं.

मग त्याने मान वर केली. आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही. फोनकडे बघून अगदी हळू म्हणाला, "कम." आणि डाव्या हाताने फोन पुढे सरकवला, स्वतःपासून लांब, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला कुणी उभं असावं तसा.

मोठ्या डॉक्टरांनी तेवढ्या एका शब्दापुढे फुली मारायला सांगितली. ऐकलेलाच शब्द परत म्हटला, उत्तर नाही, असं म्हणाले. त्यांचं बरोबर आहे, त्यांना तुमचे नियम कुठे माहीत? बाकीच्या उत्तरांवर त्याला इथेच ठेवायचं ठरलं, पुढच्या तपासणीपर्यंत. मागची इमारत तूर्त टळली. मी उभ्या उभ्या त्या लिहिणाऱ्या बाईला मिठी मारली, तिचा बिचारीचा काही संबंध नव्हता.

पण मी हे सांगायला लिहीत नाहीये. तो गप्प बसला नाही. तेव्हा दारात जे करायला हवं होतं ते त्याने आत्ता केलं. फार उशिरा केलं, उजवा हात गमावून केलं, तुझी किती वर्षं जाऊ देऊन केलं. पण शब्द परत दिलाय, आणि शब्द परत आला की काय करायचं हा नियम तुझाच आहे.

त्या दिवसापासून "मेक" नाही, "टेक" नाही. सकाळी एकदा "कम" म्हणतो आणि माझ्या फोनकडे बघतो. कंडक्टरांना सक्त ताकीद दिलीय, मध्ये तोंड घालायचं नाही म्हणून, आणि ते चक्क ऐकतायत. उत्तर मला माहीत आहे. थेरपीवालीलाही माहीत आहे. जिभेच्या टोकावर येतं आणि आम्ही दोघी गिळून टाकतो. ते सांगायचं काम तुझं आहे.

आत्या